चहाचे मळे आणि तिथली माणसं बघायला रत्नागिरीहून कुठे जावं: मुन्नार की उटी?

तुम्हाला दिवाळीच्या सुट्टीत आई-वडील आणि मुलांना घेऊन रत्नागिरीहून निघायचंय, चहाचे मळे दाखवायचेत आणि तुमच्याच शब्दांत ‘तिथले आदिवासी जवळून बघायचेत’. नुसते मळे बघायचे तर मुन्नारला जा, डोळ्यांना तेच जास्त देखणं. माणसांत रस असेल तर निलगिरीला (तमिळनाडूतला उटीचा डोंगराळ जिल्हा) जा, पण मुक्काम उटीत न करता कोटागिरीला किंवा कुन्नूरला करा. आणि दिवाळीत जाऊ नका.

दिवाळीचं आधी मिटवून टाकतो. दसऱ्यानंतर आपल्याकडे भात कापायला येतं, पाऊस गेला म्हणून आपण निर्धास्त होतो. कुन्नूर आणि कोटागिरी निलगिरीच्या पूर्वेच्या उतारावर आहेत. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस झोडपतो. दरडी येतात, आणि डोंगरातल्या ज्या छोट्या रेल्वेगाडीसाठी मुलं हट्ट करणार तीच बंद ठेवावी लागते. जानेवारी उत्तम. फक्त गरम कपडे भरपूर घ्या, आपल्याकडच्या थंडीचा स्वेटर तिथे पुरत नाही. उटीला पहाटे गवतावर हिमकण दिसतात.

माझा मावसभाऊ लष्करात, वेलिंग्टनला (कुन्नूरला लागूनच) बदलीवर होता, त्यामुळे माझं तिथे राहणं झालं. लोकांबद्दल लिहितोय ते त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गप्पा मारून कळलेलं आणि नंतर वाचून ताडून पाहिलेलं.

पहिली गोष्ट, मळ्यात पाठीला पिशवी लावून पानं खुडणारी बाई दिसली की ‘आदिवासी’ म्हणून फोटो काढू नका. ती बहुतेक वेळा तमिळ मैदानातून आलेल्या मजूर कुटुंबातली असते, किंवा श्रीलंकेतून परतलेल्यांपैकी. इंग्रजांच्या काळात तमिळ मजूर सिलोनच्या मळ्यांवर गेले होते. 1964 च्या भारत-श्रीलंकेतल्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर त्यांच्यातल्या लाखोंना भारतात आणलं गेलं. त्यांना काम मिळावं म्हणून तमिळनाडू सरकारने गुडलूर, कोटागिरी भागात चहा लावला, आज ते ‘टॅनटी’ महामंडळ आहे. आमच्या बसमध्ये शेजारी बसलेले एक आजोबा कँडीजवळच्या आपल्या मळ्याचं वर्णन असं करत होते की मला वाटलं, काल-परवाच सोडून आलेत.

छोटे मळे मात्र बहुतांशी बडगांचे. हे लोक काही शतकांपूर्वी म्हैसूरकडून वर आले. बोली कन्नडला जवळची, लोकसंख्या लाखाच्या वर. त्यांच्या वस्तीला ‘हट्टी’ म्हणतात. आधी धान्य, मग बटाटा, कोबी, गाजर, आणि आता चहा. अनुसूचित जमातींच्या यादीत ते नाहीत आणि ती मागणी जुनी आहे, त्यामुळे चहा पिता पिता हा विषय काढलात तर तासभर उठणं होणार नाही. दुसरा हमखास विषय म्हणजे चहाच्या पानाचा भाव. दुपारी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोती उतरतात, काट्यावर चढतात, पान ओलं असेल तर वजनातून काही कापलं जातं. काट्यावरचा माणूस आकडा बोलतो आणि समोरची बाई तो परत वाचायला लावते. तिथे दहा मिनिटं उभे राहा. कारखान्याच्या ‘टी टूर’मध्ये कळणार नाही तेवढं कळेल.

खरे जुने रहिवासी म्हणजे तोडा, कोटा, कुरुंबा, इरुळा, आणि खाली गुडलूरकडे पणिया आणि काट्टुनायकन. चहाच्या कितीतरी पिढ्या आधीचे म्हणा. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सुलिवन 1819 साली वर चढला आणि कोटागिरीजवळ कण्णेरीमुक्कूला राहिला (बंगला अजून आहे, आत छोटं संग्रहालय). चहाचे प्रयोग त्यानंतर, 1830 च्या दशकात. त्याआधी तोडा म्हशी राखायचे आणि तूप द्यायचे, कोटा लोखंडकाम, मडकी आणि वाजंत्री पुरवायचे, बडगा धान्य द्यायचे, कुरुंबा जंगलातून मध आणायचे. घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली देवाणघेवाण होती, पैसा क्वचित. मळे, बाजार आणि कुरणांवर लावलेली युकॅलिप्टस-वॅटलची झाडं यांनी ती मोडली.

तोडा आज दीड-दोन हजारच असतील. अर्ध्या पिंपासारख्या कमानीची ती घरं तुम्ही फोटोत पाहिली असतील, पण बहुतेक तोडा आता सिमेंटच्या घरात राहतात. कमानीचं दिसेल ते बहुधा देऊळ. त्याच्याजवळ जायचं नाही, त्यांच्या स्वतःच्या बायकाही जात नाहीत. आपल्या शिमग्यात पालखी नाचत असताना मुंबईचा कोणी मध्येच घुसून मोबाईल नाचवतो, तेव्हा मानकऱ्यांच्या कपाळावर ज्या आठ्या पडतात, त्याच तिथेही पडतात. म्हणून ‘तोडा वस्ती दाखवतो’ म्हणणाऱ्या टॅक्सीवाल्याला सरळ नाही म्हणा.

त्यापेक्षा त्यांचं भरतकाम बघा. जाडसर पांढरं सुती कापड, लाल आणि काळा दोरा. कापडावर पेन्सिलची एक रेघही नसते. बाई बोटाच्या नखाने कापडाचे धागे मोजते, सुई घालते, पुन्हा मोजते. दोऱ्याचे बारीक फुगे मुद्दाम वर राहू देतात, त्यामुळे हात फिरवला की नक्षी बोटांना लागते. छापील कापडाला तोडा म्हणून विकणारे उटीत पुष्कळ, ही बोटांची परीक्षा तिथे उपयोगी पडते. या भरतकामाला 2013 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. कोटागिरीत कीस्टोन फाउंडेशनच्या कामातून उभं राहिलेलं लास्ट फॉरेस्टचं दुकान आहे, तिथे ते मिळतं. तिथेच कड्यांवरून काढलेला मधही घ्या. आणि उटीपासून दहाएक किलोमीटरवर मुथोराई पालाडाला आदिवासी संशोधन केंद्राचं संग्रहालय आहे. मुलांना या सगळ्या लोकांची ओळख तिथे नीट होते, कुणाच्या अंगणात न घुसता. जायच्या आधी उघडं आहे ना, विचारून घ्या.

प्रवासाचं थोडक्यात. रत्नागिरीहून नेत्रावती पकडा, कोझिकोडला उतरा, तिथून निलंबूर-गुडलूरमार्गे बसने वर. येताना कुन्नूरहून मेट्टुपाळयमला छोट्या गाडीने उतरा, मग कोइमतूर आणि शोरनूरला आलात की परत आपली कोकण रेल्वे. छोट्या गाडीच्या 46 किलोमीटरच्या लाइनवर कल्लार ते कुन्नूर मधल्या दातेरी रुळावरून गाडी चढते, इंजिन खालच्या बाजूला राहून ढकलतं, आणि प्रत्येक डब्यावर एक ब्रेकवाला उभा असतो. मुलांना त्याच्याकडे बघत बसवा, दरीकडे सगळेच बघतात. आरक्षण उघडल्या दिवशीच करा. स्वतःची गाडी नेणार असाल तर जिल्ह्यात शिरायचा ई-पास आधी काढा, आणि म्हैसूरहून बंदीपूरचा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांवर जिल्ह्यात बंदी आहे, आईबाबांसाठी स्टीलच्या न्या.

चहा आणायचा विचार असेलच. दूध घालून उकळणार असाल, परसातला गवती चहा आणि आलं घालणार असाल, तर कारखान्याच्या दुकानातली साधी सीटीसी (दाणेदार चहा) घ्या. थंडीत खुडलेली महागडी अख्ख्या पानाची फ्रॉस्ट टी आपल्या पातेल्यात वाया जाते, ती दुधाशिवायच प्यायची. सोबत बेकरीतली वर्की (खुसखुशीत बिस्किटं) न्या, पण वाटेत मुलांपासून लपवून.