मुतग्यावरून हेलिकॉप्टर चाललेलं असतानाच शेजारच्या सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान उतरतं. विमानतळाचा नियंत्रण टॉवर दोघांत किती अंतर ठेवतो?

तुम्ही निवडणुकीच्या दिवसांत शेतातून हे बघितलंत आणि विचारताय की दोघांत ठरावीक अंतर असणारच ना. मी टॉवरमध्ये नोकरी केलेला माणूस आहे (सांबऱ्याला नव्हे). खरं सांगायचं तर अशा वेळी ठरावीक अंतर बहुधा नसतंच.

विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश आपल्याकडे साधारणपणे डी वर्गात येतं. तिथे शिरायला टॉवरची परवानगी लागते आणि रेडिओवर सतत संपर्क ठेवावा लागतो. प्रवासी विमान उपकरणांच्या नियमांनी, म्हणजे आयएफआरने येतं. अशा दोन विमानांत अंतर राखणं टॉवरचं काम: उंचीत १००० फूट, नाहीतर ठरलेलं आडवं अंतर. नेत्याचं हेलिकॉप्टर मात्र बहुतेक वेळा व्हीएफआरवर, म्हणजे डोळ्यांनी बघत चाललेलं असतं. त्याला टॉवर फक्त माहिती देतो: "ट्रॅफिक, एटीआर, आठ मैल फायनल, रिपोर्ट इन साइट." म्हणजे एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) उतरायला धावपट्टीच्या रेषेत आठ मैलांवर आलंय, दिसलं की सांग. पायलट म्हणतो, "ट्रॅफिक इन साइट." मग टॉवर सांगतो, त्याच्या मागून जा. एकदा दिसलं म्हटल्यावर लांब राहायची जबाबदारी पायलटची. एटीआरवाल्यालाही हेलिकॉप्टर कुठे आहे ते कळवलेलं असतं. धावपट्टी मात्र पूर्णपणे टॉवरच्या ताब्यात. विमान उतरत असताना हेलिकॉप्टरला ती ओलांडू देत नाहीत.

सगळा भरवसा डोळ्यांवर, म्हणून हवामानाची अट कडक. दृश्यमानता ५ किलोमीटर हवी, ढगांपासून आडवं १५०० मीटर आणि उभं ३०० मीटर लांब राहायला हवं. सूर्य मावळला की व्हीएफआर बंद. चिकोडीच्या सभेत साहेब भाषण आवरतं घेतात ते लोकांच्या कंटाळ्यापायी नव्हे, पायलट घड्याळ दाखवत असतो म्हणून!

आता गंमत बघा. पावसाळ्यात ढग खाली आले आणि पायलटने विशेष व्हीएफआरची, म्हणजे वरच्या अटींपेक्षा खराब हवेतही डोळ्यांनी बघत उडायची, परवानगी मागितली, तर मात्र टॉवरला हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान यांच्यात अंतर राखावंच लागतं. मग हेलिकॉप्टर बाहेर कुठेतरी घिरट्या घालत थांबतं आणि एटीआर उतरल्यावरच आत येतं. खाली कार्यकर्ते टॉवरच्या नावाने बोटं मोडतात ते वेगळं. थोडक्यात, स्वच्छ हवेत तुम्हाला दोघं जवळ दिसतात, खराब हवेत तितकी जवळ येऊच देत नाहीत.

जमिनीलगत आणखी एक भानगड असते ती पंख्याच्या वाऱ्याची. हेलिकॉप्टर अधांतरी तरंगत असताना किंवा जमिनीपासून हातभर वर सरकत असताना खाली जो झोत मारतं, त्याने हलकं विमान कलंडू शकतं. सांबऱ्यावर प्रशिक्षणाची छोटी विमानं असतात, त्यामुळे हेलिकॉप्टरला त्यांच्यापासून चांगलंच लांब ठेवावं लागतं.

निपाणी, अथणीकडच्या तात्पुरत्या हेलिपॅडवर तर टॉवरच नसतो. निघण्याआधी उड्डाणाचा आराखडा देऊन हवाई संरक्षणाचा परवाना क्रमांक घ्यायचा, पुढे वाटेत रेडिओवर आपली जागा सांगत राहायचं आणि डोळे उघडे ठेवायचे.

"इतकं खालून कसं जातं?" हेही तुम्ही विचारलंय. मोकळ्या शिवारावरून व्हीएफआरवर निदान ५०० फूट उंची हवी. शहराच्या दाट वस्तीवर ६०० मीटर परिघातल्या सगळ्यांत उंच अडथळ्याच्याही १००० फूट वर. उतरताना आणि उडताना ही अट लागू नाही.