न थांबणारे झटके, न दिसणारे झटके : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सत्तरीच्या माझ्या वडिलांचा उजवा अंगठा आणि तर्जनी आठवडाभर सतत उडत आहेत. ते पूर्ण शुद्धीत असतात. ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आल्यामुळे हे मानसिक असावे, असे सांगण्यात आले. ते आम्हाला पटत नाही.

उत्तर : ईईजीच्या एवढ्याशा आधारावर ते पटवून घेण्याचे कारणही नाही. शरीराच्या एका लहान भागाला तासन्‌तास, क्वचित महिनोन्‌महिने येत राहणारे झटके हा अपस्माराचा एक विरळा प्रकार असून त्याला ‘एपिलेप्सिया पार्शियालिस कंटिन्युआ’ म्हणतात. रशियन मेंदूविकारतज्ज्ञ अलेक्सेई कोझेव्निकोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले होते. यात मेंदूच्या बाह्यस्तराचा इतका छोटा भाग गुंतलेला असू शकतो, की डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडना त्याचा पत्ताही लागत नाही. वडील गाढ झोपलेले असताना त्यांच्या हाताचा व्हिडिओ घेऊन डॉक्टरांना दाखवावा. पार्किन्सनचा कंप झोपेत सहसा थांबतो, हे झटके मात्र मंदावले तरी पुष्कळदा चालू राहतात.

त्याहीआधी रक्तातील साखर आजच तपासून घ्यावी. पक्षाघात, गाठ किंवा मेंदूचा दाह ही कारणे एमआरआयमध्ये शोधली जातातच. पण कीटोन (चरबी जळताना रक्तात येणारे आम्ल पदार्थ) न वाढता साखर फार चढली तरी नेमके असेच झटके येतात आणि कित्येकदा मधुमेहाची ती पहिलीच खूण असते. अशा वेळी फिटच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, त्यांतल्या फेनिटॉइनने तर साखर आणखी वाढू शकते. इन्सुलिन आणि सलाइनने साखर ताळ्यावर आली, की हात बहुधा शांत होतो.

प्रश्न : मूत्रपिंडाचा विकार असलेल्या आईला संसर्गासाठी सेफेपिम हे प्रतिजैविक चालू होते. चौथ्या दिवसापासून ती एकटक पाहते, उत्तर उशिरा देते, पांघरुणाशी चाळा करत राहते. एकही फिट आलेली नसताना डॉक्टर ईईजी का सांगत आहेत?

उत्तर : योग्य तेच सांगत आहेत. हातपाय न झाडताही मेंदूत झटका अखंड चालू राहू शकतो. बाहेरून दिसतो तो फक्त गोंधळ, आणि वयस्क रुग्णात तो ‘वयामुळे’ किंवा ‘अशक्तपणामुळे’ म्हणून सोडून दिला जातो. सेफेपिम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाचे काम मंदावले, की औषध शरीरात साचते आणि असा छुपा झटका सुरू होऊ शकतो. ईईजीशिवाय त्याची खात्री होत नाही. कोमातील 236 रुग्णांच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बाहेरून झटक्याची कोणतीही खूण नसलेल्या 8 टक्के रुग्णांत तो सापडला होता. निदान पक्के झाले, तर प्रतिजैविक बदलणे हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला रासमुसेन एन्सेफलायटिस आहे. मेंदूचा अर्धा भाग तोडण्याचा सल्ला ऐकून आम्ही हादरलो आहोत. औषधांनी भागणार नाही का?

उत्तर : या आजारात प्रतिकारशक्ती मेंदूच्या बहुधा एकाच अर्ध्या भागावर हल्ला करत राहते. स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिनने ऱ्हास काहीसा लांबतो. सततचे झटके मात्र औषधांना क्वचितच दाद देतात. आजच्या शस्त्रक्रियेत तो भाग सहसा काढून टाकत नाहीत, त्याचे उरलेल्या मेंदूशी असलेले दुवे तोडतात. किंमत मोठी आहे, ती झाकण्यात अर्थ नाही : विरुद्ध बाजूच्या हाताच्या बोटांची नाजूक हालचाल जाते आणि दोन्ही डोळ्यांना त्या बाजूचे दिसत नाही. चालणे मात्र बहुतेक मुलांना पुन्हा जमते. आजारी भाग डावा असेल, तर भाषेचा प्रश्न कळीचा असतो, कारण बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. लहान वयात भाषा उजवीकडे सरकण्याची शक्यता अधिक असते, म्हणून हात पूर्ण लुळा पडेपर्यंत थांबणे मला नेहमीच शहाणपणाचे वाटत नाही. शल्यचिकित्सकांना नेमके हेच विचारा, की आज मुलीच्या हातात किती ताकद उरली आहे आणि वाट पाहून त्यातले काय वाचणार आहे.

प्रश्न : सतत झटके असलेल्या रुग्णाला तातडीने केव्हा हलवावे?

उत्तर : झटके पहिल्यांदाच सुरू झाले असतील, तर त्याच दिवशी. निदान झालेल्या रुग्णाचा केवळ हात उडत असेल आणि तो नीट बोलत असेल, तर धावपळ नको. झटके हातावरून चेहऱ्याकडे किंवा पायाकडे पसरू लागले, बोलणे अडखळले, शुद्ध हरपू लागली किंवा सर्वांगाची फिट 5 मिनिटांत थांबली नाही, तर क्षणभरही थांबू नये.