११२ च्या कंट्रोल रूमची वाट मैदानातून जाते

प्रश्न : मुलगी कणकवलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पोलीस कंट्रोल रूममध्ये ११२ चं, म्हणजे तातडीच्या मदतीसाठीच्या फोन नंबरचं काम करायचं आहे. बसून करायचं सुरक्षित काम म्हणून आम्हालाही पसंत आहे. त्याची वेगळी परीक्षा असते का?
– एक आई, सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, वेगळी परीक्षा नसते. ११२ चा फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो, मग माहिती ओरोसच्या जिल्हा नियंत्रण कक्षात येते. तिथं गाडी पाठवणारे डिस्पॅचर हे पोलीस अंमलदारच असतात. म्हणजे आधी पोलीस शिपाई भरती. बारावी पास, मुलींना उंची किमान १५५ सेंमी. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण, लेखी १०० गुणांची. कंट्रोल रूमची नेमणूक पुढे वरिष्ठ ठरवतात, ती मागून मिळेलच असं नाही.

‘बसून करायचं काम’ हा समज मात्र काढून टाका. रात्रपाळी असते. घाबरलेला माणूस ‘बाजारवाडीत मारामारी चाललीय’ एवढंच सांगतो, आणि बाजारवाडी आपल्याकडे किती गावांत आहे! स्क्रीनवरचं ठिकाण दरवेळी घरापर्यंत नेत नाही. मग परत फोन लावायचा, ‘खंयसून बोलतास?’ म्हणून शांतपणे विचारायचं, देऊळ, शाळा, साकव अशा खुणा काढून घ्यायच्या आणि त्या गाडीवरच्या अंमलदाराला नेमक्या सांगायच्या. करूळ किंवा आंबोली घाटात अपघात झाला, तर बोलता बोलता रेंज जाते. तालुक्यातली गावं, वाड्या, रस्ते ज्याला पाठ आहेत त्याचा इथं खरा उपयोग होतो. तुमच्या मुलीला ही आवड असेल तर ती तिची मोठी जमेची बाजू आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जिल्हा लहान. नवऱ्याच्या माराला कंटाळून फोन करणारी बाई कधी मुलीच्या ओळखीची निघेल, कधी नात्यातलीही. ते घरी येऊन तुम्हालासुद्धा सांगायचं नाही, आणि तुम्हीही विचारायचं नाही. पुष्कळदा गाडी पोचल्यावर पुढं काय झालं हे तिला कळणारही नाही. ते मनात घेऊन पुढचा फोन त्याच आवाजात करता आला पाहिजे.

तिला एवढंच विचारा : कंट्रोल रूम मिळाली नाही आणि गणपतीत बंदोबस्ताला उभं राहावं लागलं, तर चालेल का? ‘हो’ म्हणाली, तर उद्या पहाटेपासून धावायला पाठवा आणि लेखीसाठी गणित व मराठी व्याकरण आत्ताच सुरू करू द्या.