वाचकांचे प्रश्न : निळा पॉलिमर हिरवा का पडतो?

प्रश्न : डायऑक्टिल पॉलिफ्लुओरीन, पॉलिइथिलिन ऑक्साइड आणि लिथियम ट्रायफ्लेट मिसळून आम्ही एलईसी, म्हणजे प्रकाश देणारा विद्युतरासायनिक सेल, बनवला. फिल्म धुरकट येते, उजेड यायला फार वेळ लागतो आणि निळा रंग हळूहळू हिरवट होतो. पॉलिमरमध्ये काय बदलावं?

उत्तर : तक्रारी तीन असल्या तरी कारणं दोनच दिसतात.

धुरकटपणा आणि उशीर ही जुळी भावंडं. तुमच्या निळ्या पॉलिमरला बाजूने लटकणाऱ्या ऑक्टिल साखळ्या तेलकट, आयन वाहून नेणारं पॉलिइथिलिन ऑक्साइड ध्रुवीय. फिल्म सुकताना दोघं वेगळे होतात आणि लिथियम ट्रायफ्लेटचे आयन पॉलिइथिलिन ऑक्साइडच्या बेटांत अडकतात. ओएलईडीच्या (सेंद्रिय प्रकाश-डायोडच्या) पॉलिमरला तेलकट साखळ्या चालून जातात, कारण तिथे आयनच नसतात. एलईसीत मात्र आयन पॉलिमरच्या मुख्य साखळीपर्यंत पोचले तरच अॅनोडपाशी पी-डोपिंग (साखळीतून इलेक्ट्रॉन निघणं), कॅथोडपाशी एन-डोपिंग (साखळीत इलेक्ट्रॉन येणं) होतं आणि दोन्ही भागांच्या मधल्या सांध्यात प्रकाश निघतो. म्हणून ऑक्टिलऐवजी दोन-तीन इथिलिन ऑक्साइड एककांच्या साखळ्या जोडा. शेवटी मेथॉक्सी ठेवा. हायड्रॉक्सिल कॅथोडपाशी क्षपण पावतो. साखळ्या फार लांबवण्याचा मोह नको, पॉलिमर चिकट होतो आणि मेथॅनॉलमध्ये नीट अवक्षेपित होत नाही.

हिरवा रंग बहुधा फ्लुओरेनोनचा, म्हणजे फ्लुओरीन एकक ऑक्सिडाइझ होऊन बनणाऱ्या दोषाचा, सुमारे 530 नॅनोमीटरला. मोनोमरच्या (पॉलिमर ज्या एककापासून बनतो त्याच्या) 9व्या कार्बनवर दोनऐवजी एकच साखळी लागलेला अंश उरला, तर तिथला हायड्रोजन सहज ऑक्सिडाइझ होऊन कार्बोनिल बनतो. त्याचं प्रमाण नगण्य असलं तरी ऊर्जा तिथेच ओढली जाते, शिवाय इलेक्ट्रॉनही तिथे अडकतात. यूव्ही दिव्याखाली असा प्रवाह वाहत नाही, त्यामुळे तिथे फिल्म निळी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. मोनोमर कोरड्या टीएचएफ या द्रावकामध्ये, नायट्रोजनखाली, थोड्या पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइडसोबत ढवळा: एक-साखळी अंशाचा रंगीत ऋणायन तयार होतो, द्रावण अॅल्युमिनाच्या थरातून गाळलं की तो तिथे अडकतो. पॉलिमर बनल्यावर हा दोष काढता येत नाही.

प्रश्न : एलईसीत मीठ (लिथियम ट्रायफ्लेटसारखा आयन देणारा क्षार) किती घालावं?

उत्तर : 'सुपर यलो' या पिवळ्या पॉलिमरसाठी पॉलिमर, टीएमपीई (आयन वाहून नेणारा, पॉलिइथिलिन ऑक्साइडसारखा घटक) आणि पोटॅशियम ट्रायफ्लेट हे मीठ यांचं वजनी प्रमाण 1 : 0.1 : 0.03 वापरलं जातं. सुरुवात तिथूनच करा. मीठ वाढवलं की सेल लवकर पेटतो, पण डोप झालेली साखळी प्रकाश गिळते आणि कार्यक्षमता घसरते. चाचणी स्थिर प्रवाहावर घ्या: डोपिंग होत असेल तर व्होल्टेज आधी चढं असतं, मग उतरतं. उतरलंच नाही, तर आयन हलत नाहीत असं समजा. मीठ आधी निर्वातात तापवून कोरडं करा आणि सेल ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीत, जोडा. पाण्याचा अंश राहिला तर कॅथोडखाली बुडबुडे आणि काळे डाग येतात, आणि दोष उगाच पॉलिमरच्या माथी जातो.

प्रश्न : पॉलिमर बनवायच्या सुझुकी अभिक्रियेनंतर उत्प्रेरक पॅलेडियम त्यात राहिला तर?

उत्तर : तो प्रकाश मारतो. पॉलिमरचं टोल्युइनमधलं द्रावण, पॅलेडियम पकडणाऱ्या सोडियम डायइथिलडायथायोकार्बामेटच्या पाण्यातल्या द्रावणासोबत गरम करून ढवळा, पाण्याने धुवा, मग अवक्षेपित करा.