मॅनेजमधला घोडा

धुळ्याहून भाचीचा प्रश्न आलाय. पुस्तकात ‘आय मॅनेज्ड टु कॅच द बस’ असं वाक्य आहे; बस पकडण्यात व्यवस्थापन कुठून आलं? आणि गावात ‘उमेदवार मॅनेज व्हई गया’ म्हणतात, तो मॅनेज हाच का?

शब्द हाच, पण त्याच्या मुळाशी ऑफिस नाही, घोडा आहे. लॅटिनमध्ये हाताला ‘मानुस’ म्हणतात. (आपण खान्देशी लोक माणसाला ‘मानूस’ म्हणतो, त्याच्याशी किंवा इंग्रजीतल्या ‘मॅन’शी याचं काही नातं नाही. कानाला मात्र मोह होतो.) त्यावरून इटालियनमध्ये ‘मानेज्जारे’ झालं, म्हणजे हाताळणे, आणि विशेष करून घोडा हाताळणे, त्याला चाल शिकवणे. सोळाव्या शतकात इंग्रजांनी तो शब्द घेतला तो घोड्यासकट. घोडे शिकवण्याच्या जागेला फ्रेंचमध्ये आजही ‘मानेज’च म्हणतात.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हे डोळ्यांनी दिसतं. तापीकाठच्या मोकळ्या जागेत चाबुकस्वार घोड्याला रेवाल चालीत काढतो. घोडं उधळू पाहतं. हा ओरडत नाही, नुसता लगाम बोटभर ओढतो, परत सैल सोडतो. मॅनेज करणं म्हणजे मुळात एवढंच. पुढे इंग्रजीत घोडा गेला आणि त्याच्या जागी घर, पैसा, धंदा आला. आपल्या ‘हाताळणे’नेही हातापासून निघून हीच वाट धरली, म्हणून मला ‘व्यवस्थापन करणे’पेक्षा तोच प्रतिशब्द जवळचा वाटतो.

आता बस. हाताबाहेर जाणारी गोष्ट हाती राखली, म्हणजे खटपट करून जमवलं. ‘मॅनेज्ड टु’ म्हणजे ‘कशीबशी मिळाली बुवा’. आपली मुलं इथे हमखास ‘आय कुड कॅच द बस’ लिहितात. ‘कुड’ने एरवीची क्षमता सांगतात; काल एकदाच धापा टाकत साधलं, तर ‘मॅनेज्ड टु’ किंवा ‘वॉज एबल टु’. नकारात मात्र ‘कुडन्ट’ चालतं. हाच प्रयोग टोमण्यालाही येतो: ‘ही मॅनेज्ड टु लूज द की’, म्हणजे पठ्ठ्याने किल्ली हरवून दाखवलीच! आणि कुणी ‘आर यू मॅनेजिंग?’ विचारलं, तर ‘भागतंय ना?’ एवढंच समजायचं.

राहिला आपला उमेदवार. ‘मॅनेज होणे’ म्हणजे फितणे, हा अर्थ आपण दिलेला. इंग्रजीत साहेबालाही मॅनेज करता येतं, पण त्याच्या कलाने घेऊन. त्यात पाकीट गृहीत नाही. तेव्हा पेपरात ‘द कँडिडेट वॉज मॅनेज्ड’ लिहू नकोस. पैसे दिले असतील तर ‘ब्राइब्ड’, निकाल आधीच ठरला असेल तर ‘फिक्स्ड’.