आधी विंच, मग टग

अरे, ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला घाई नको, आधी विंच शीक: जमिनीवरचं यंत्र दोर गुंडाळत ग्लायडर वर खेचतं. आपल्या पुण्यातल्या हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रातही विंचच. किलोमीटरभर दोर, आणि मिनिटाच्या आत तू ३००-४०० मीटरवर! नाक आभाळाकडे, पाठ सीटला चिकटलेली. पण दोर तुटणार हे धरूनच बस. तुटला की आधी नाक खाली. वेग परत येईपर्यंत वळायचं नाही. मग पिवळी मूठ ओढून उरलेला तुकडा सोड, आणि समोर जागा असेल तर सरळ उतर.

टग म्हणजे ग्लायडरला दोराने ओढून नेणारं विमान. त्याच्यामागून ६०० मीटरपर्यंत निवांत जाता येतं, खिसा मात्र हलका होतो. तिथे टगच्या फार वर चढू नकोस. त्याची शेपटी उचलली जाते आणि जमिनीजवळ बिचाऱ्याला सावरायला उंचीच नसते. डोंगरउतारावरून रबरी दोराने उडवणं ही जुनी हौस, ते नंतर बघू.