‘अक्रमनिरपेक्ष’ नको, ‘क्रमसापेक्ष’ म्हण

दर्यापूरकडच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: ‘नॉन-कम्युटेटिव्ह लिनिअर लॉजिक’मधल्या ‘प्रूफ नेट’ला, म्हणजे जोडण्यांच्या चित्रानं दाखवलेल्या सिद्धतेला, मराठीत काय म्हणावं? तिनं स्वतः आपल्या टिपणात ‘अक्रमनिरपेक्ष रेषीय तर्कातली पुरावा-जाळी’ असं केलं आहे.

‘पुरावा’ कोर्टात देतात, गणितात ‘सिद्धता’ असते. म्हणून ‘सिद्धताजाळं’. २ + ३ आणि ३ + २ सारखेच, हा गुणधर्म आपण शाळेत ‘क्रमनिरपेक्ष’ म्हणून शिकलो. त्याच्या उलट सरळ ‘क्रमसापेक्ष’. नकारावर नकार कशाला? ‘रेषीय’ हा शब्द मात्र फसवतो. इथे रेषेशी काही घेणंदेणं नाही. हाती असलेलं प्रत्येक पद बरोबर एकदाच वापरायचं, इतकाच अर्थ.

आमच्या कोठ्यात एका ढोराला एक खुंटा असतो. एका खुंट्याला दोन ढोरं नाहीत, खुंटा रिकामाही नाही. शिवाय दावी एकमेकांवरून जाता कामा नयेत. आता ‘पोरगी मायले बलावते’ हे वाक्य घे. इथे नामं म्हणजे ढोरं, क्रियापदाच्या मागण्या म्हणजे खुंटे. ‘बलावते’ला डावीकडे दोन नामं हवीत: लगत कर्म, त्यापलीकडे कर्ता. ती मिळाली की वाक्य पुरं. कागदावर ओळीनं लिही: पोरगी, मायले, मग क्रियापदाच्या मागण्या, आधी कर्म, नंतर कर्ता. ‘मायले’पासून कर्माच्या मागणीपर्यंत छोटी कमान काढ, ‘पोरगी’पासून कर्त्याच्या मागणीपर्यंत तिच्यावरून मोठी. कमानी कुठेच छेदत नाहीत. जाळं जुळलं, वाक्य लागलं.

वाक्यांचं हे क्रमसापेक्ष गणित गणितज्ञ योआखिम लाम्बेक यांनी १९५८ मध्येच मांडलं होतं. रेषीय तर्क आणि सिद्धताजाळी फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ झाँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये आणली. जिरार यांच्या मूळ तर्कात क्रमाला महत्त्व नाही, त्यामुळे कमानी छेदल्या तरी चालतं. ‘क्रमसापेक्ष’ म्हटलं की ती मुभा जाते. म्हणून हा शब्द नेमका हवा.

आणि खरी गंमत आपल्या वऱ्हाडीत आहे. ‘मायले पोरगी बलावते’ म्हण. कमानी लगेच छेदतात, नियमानं वाक्य बाद. पण गावात ते ऐकून कोणी अडत नाही, कारण कोणाला बलावलं हे ‘ले’नं आधीच सांगून टाकलेलं असतं. मग ‘बलावते’ला दुसरा प्रकारही द्यावा लागतो: लगत कर्ता, पलीकडे कर्म मागणारा. टिपणात ही दोन्ही जाळी शेजारी शेजारी काढ.